रिकामी जागा : १९०८ चा मुसीचा महापूर आणि आपण



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्या शाळेने आपल्या दिवंगत मुख्याध्यापक गुरुजींच्या स्मरणार्थ चालविलेल्या व्याख्यानमालेत मला बोलावयास सांगावे, हा मी माझ्या आयुष्यातील मोठा सन्मान समजतो. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, मराठी रंगभूमी, हैदराबादचा मुक्तिसंग्राम अशा विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. मी मात्र आज एका पुराविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु गुरुजी हयात असते तर त्यांना वाटले नसते. त्याचे कारण बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल.

हैदराबादकरांना सप्टेंबर महिन्याची २८ तारीख परिचित असावयास हवी. १९०८ साली त्या दिवशी मुसी नदीला जो महापूर आला, त्याने या शहराचा नकाशा बदलला. आपण आज ज्या रुग्णालयात औषधाला जातो, ज्या न्यायालयाचे घुमट नदीकाठी पाहतो, ज्या तलावांचे पाणी पिऊन आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, ते सारे कमीअधिक प्रमाणात त्या एका दिवसाचे अपत्य आहे. मी इतिहासाचा शिक्षक. इतिहासाच्या शिक्षकाने मृतांची संख्या व सनावळी सांगून थांबू नये, त्या घटनेने पुढच्यांसाठी काय मागे ठेवले आणि पुढच्यांनी त्याचे काय केले हेही सांगावे, असे गुरुजी म्हणत. त्या शिस्तीने मी हा विषय मांडणार आहे.

आजीचा माळा

प्रथम थोडे घरचे. आमचे घराणे मूळचे मराठवाड्यातले. नोकरीच्या निमित्ताने माझे पणजोबा हैदराबादेस आले आणि गौळीगुड्यात भाड्याच्या घरात राहू लागले. माझी आजी १९०८ साली नऊ वर्षांची होती. तिचेही माहेर नदीपासून फार दूर नव्हते. पाणी चढू लागले तेव्हा तिच्या वडिलांनी मुलांना एकामागून एक माळ्यावर चढविले. परंतु माळा धान्याच्या कणग्या, जुन्या पेट्या आणि लाकूडफाटा यांनी भरलेला होता. तो रिकामा करण्यात जो वेळ गेला, त्या वेळात तिच्या धाकट्या भावाचा हात सुटला. आजी एवढेच सांगे. त्यापुढचे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही.

पुढे तिच्या संसारात एक नियम होता. मृगापासून दिवाळीपर्यंत घरातील माळा रिकामा राहिला पाहिजे. त्यावर फक्त एक दोरखंड, पत्र्याच्या डब्यात पोहे व गूळ, आणि मेणकापडात गुंडाळलेली कागदपत्रे. जागेची टंचाई असलेल्या घरात एवढी मोठी फळी पाचएक महिने मोकळी ठेवणे माझ्या आईला जड जाई. एकदा तिने वर गाद्या ठेवल्या, तर आजीने त्याच संध्याकाळी त्या खाली उतरविल्या. "माळा माणसांसाठी असतो गं, सामानासाठी नव्हे," असे ती म्हणाली. १९७४ साली आजी गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात माळा भरला. तो कोणी मुद्दाम भरला नाही. एक पेटी गेली, मग एक पाळणा गेला, मग रद्दी गेली. मीही त्यावर माझी पुस्तकांची खोकी चढविली.

तुग्यानी

आता त्या पुराकडे वळू. जुने हैदराबादकर त्याला 'तुग्यानी सितंबर' म्हणत. मुसी ही विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते व पुढे वाडापल्ली येथे कृष्णेला मिळते. शहराच्या वरच्या अंगाला तिला ईसी ही नदी येऊन मिळते. एरवी मुसी ही गुडघाभर पाण्याची नदी. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून लोक पायी जात. अशा नदीविषयी भय वाटणे कठीण असते, आणि तेच तिच्याविषयीचे खरे भय आहे.

त्या वर्षी आश्विनाचे नवरात्र बसले होते आणि रमजानही नुकताच सुरू झाला होता. पावसाचा जोर असा, की शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच पावसाची नोंद झाली. मुसी-ईसीच्या सुमारे ८६० चौरस मैलांच्या खोऱ्यात त्या काळी ७८८ तलाव होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलास एक. ही तलावांची माळ म्हणजे दख्खनच्या जुन्या राज्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी उभारलेली व्यवस्था होती. वरचा तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात जावयाचे. बांध मजबूत असतील व सांडवे मोकळे असतील, तर अशी माळ पावसाला अडवून धरते. परंतु एक बांध फुटला, की त्याचे सारे पाणी एकदम खालच्या तलावावर येते, तो फुटतो, आणि मग पुढचा. त्या पावसात २२१ तलाव फुटले. त्यांतील १८२ ईसीच्या आणि ३९ मुसीच्या खोऱ्यातील होते. शहरावर जे पाणी आले ते केवळ आभाळाचे नव्हते. त्यात फुटलेल्या तलावांचा साठाही होता.

पुराचा सर्वाधिक विसर्ग पुढे ४,२५,००० क्युसेक असा काढण्यात आला. पहाटेच्या अंधारात पाणी वस्तीत शिरले आणि दिवस वर येईतो नदीकाठचे मोहल्ले नाहीसे झाले. कोळसावाडीसारखी वस्ती वाहून गेली. अफजलगंजचे रुग्णालय कोसळले. नदीवरील पुलांपैकी १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा तग धरून राहिला. मृतांची संख्या सामान्यतः १५,००० च्या आसपास मानली जाते. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले.

अफजलगंजच्या त्या परिसरात एक चिंचेचे झाड होते. सुमारे दीडशे माणसे त्याच्या फांद्यांवर चढून बसली आणि वाचली. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात ते झाड दाखवतात, आणि २८ सप्टेंबरला काही जाणते नागरिक तेथे जमतात. उर्दू रुबाईचे थोर कवी अमजद हैदराबादी या पुरातून वाचले, परंतु त्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. त्या दुःखावर त्यांनी पुढे कविता लिहिली. पंधरा हजार हा आकडा मनात सहजासहजी उतरत नाही. एका कवीचे रिकामे झालेले घर उतरते. इतिहास शिकविताना मला हा अनुभव वारंवार आला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुसीला हा पहिलाच पूर नव्हता. १६३१ व १८३१ च्या पुरांच्या नोंदी होत्या, आणि १९०३ सालीही, म्हणजे अवघी पाच वर्षे आधी, नदीने इशारा दिला होता. १९०८ साली बुडालेल्या प्रौढ माणसांनी १९०३ चे पाणी पाहिलेले होते. ते ओसरले, घरे सारवली गेली, आणि माणसे तेथेच राहिली. याचा दोष त्यांना देण्याचे धाडस मी करणार नाही. गरीब माणूस नदीकाठी राहतो, कारण इतरत्र राहण्याइतके पैसे त्याच्यापाशी नसतात.

विश्वेश्वरय्यांचे उत्तर

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पूर ओसरावा म्हणून मुसीची खणानारळाने पूजा केली, अशी आख्यायिका या शहरात सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, सांगणाऱ्यांच्या मनात धर्मभेद नव्हता एवढे तिच्यावरून कळते. इतिहासाला ठाऊक असलेली गोष्ट अशी, की राजवाड्यांची व देवड्यांची दारे निराश्रितांसाठी उघडण्यात आली, अन्नछत्रे चालली, आणि त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले.

विश्वेश्वरय्यांचे नाव घेताना आपणां मराठी माणसांना एक आपलेपणा वाटावा. त्यांचे स्थापत्यशिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले होते. १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या सेवेत त्यांनी नाशिक, खानदेश आणि पुणे या भागांत काम केले होते. खडकवासल्याच्या धरणावर, पाणी ठराविक पातळीस पोहोचताच आपोआप उघडणारी दारे त्यांनी बसविली होती. धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी साठवावे आणि पूर येताच ते सुरक्षितपणे सोडून द्यावे, ही त्यामागची युक्ती. १९०८ मध्ये मुंबई सरकारची सेवा सोडून ते युरोपच्या प्रवासाला गेले असता त्यांना हैदराबादचे बोलावणे आले. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते येथे पोहोचले. त्यांनी पावसाच्या नोंदी गोळा केल्या, फुटलेल्या तलावांची मोजदाद केली, विसर्गाचे गणित मांडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल सादर केला.

त्यांच्या सूचनेचे सार असे होते. शहरातील नदीपात्रातून जेवढे पाणी निर्धोकपणे वाहू शकते, तेवढेच शहरात येऊ द्यावे. त्याहून अधिक येणारे पाणी शहराच्या वर, मुसीवर एक आणि ईसीवर एक अशी दोन धरणे बांधून काही काळ अडवावे आणि मग हळूहळू सोडावे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत ही योजना प्रत्यक्षात आली. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या शहर सुधारणा मंडळाने दाटीच्या वस्त्या हलविल्या, रस्ते रुंद केले, नदीकाठ मोकळा केला. त्या मोकळ्या काठावर उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय या वास्तू उभ्या राहिल्या. एका आपत्तीने शहराला शहाणपण आले, असे म्हणण्याजोगे उदाहरण आपल्या देशात विरळा. ते या शहरात घडले याचा अभिमान आपण बाळगावा.

आता गुरुजींची आठवण सांगतो. १९६२ साली गुरुजींनी आमच्या वर्गाची सहल गंडीपेटला, म्हणजे उस्मानसागरला नेली. ऑगस्ट महिना होता. बांधावर आम्हां मुलांना ओळीने उभे करून त्यांनी विचारले, "बाळांनो, हे धरण भरलेले चांगले की रिकामे?" आम्ही एका सुरात ओरडलो, "भरलेले!" गुरुजी हसले व म्हणाले, "आणि उद्या मोठा पाऊस आला, तर ते पाणी कुठे ठेवाल?" आम्हांला उत्तर सुचले नाही. भाकरी खाऊन आम्ही परतलो. परंतु तो प्रश्न माझ्यापाशी राहिला.

त्या प्रश्नाचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळते. उस्मानसागरची क्षमता सुमारे ३.९ अब्ज घनफूट, हिमायतसागरची सुमारे ३ अब्ज घनफूट. ४,२५,००० क्युसेकच्या वेगाने पाणी आले, तर ही दोन्ही धरणे अगदी कोरडी असली तरी साधारण साडेचार तासांत भरतील. ते साडेचार तास म्हणजे पुराचा कळस खाली आणण्याची, माणसे हलविण्याची संधी. धरणे आधीच काठोकाठ भरलेली असतील, तर ती संधीही नाही. पूर अडविणारे धरण पावसाळ्यात काही अंशी रिकामे असावे लागते. पिण्याच्या पाण्याचे धरण भरलेले असावे लागते. या दोन तलावांकडे दोन्ही कामे आली. शहराची तहान रोज दिसते, पूर शंभर वर्षांत एकदा दिसतो. तेव्हा रिकाम्या जागेची बाजू मांडणार कोण?

आपत्तीची तयारी म्हणजे काय, याचे उत्तर मला येथे सापडते. तयारी म्हणजे साधारण वर्षांत निरुपयोगी भासणारी एखादी गोष्ट सांभाळून ठेवणे. धरणातील न भरलेला भाग, नदीकाठी न बांधलेली जमीन, तलावाचा न बुजविलेला सांडवा, घरातील रिकामा माळा. ज्यांनी आपत्ती पाहिली त्यांना या रिकामेपणाचा अर्थ कळतो. त्यांच्या नातवंडांना त्यात केवळ वाया जाणारी जागा दिसते.

किल्लारीची भिंत

आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे मराठवाड्यातून येथे आली. तो भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. तेव्हा त्या मातीतील एका आपत्तीचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून दमलेली गावे झोपेत होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपमापनाच्या दृष्टीने हा काही जगातील फार मोठा भूकंप नव्हता. त्याची तीव्रता ६.२ होती. मग एवढी माणसे का गेली?

मराठवाड्यातील माळवदाची घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. जाड दगडी भिंती, चिखलमातीचा दर्जा, लाकडी खण, आणि वर मातीचे धाबे. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून धाब्यावर नवी माती टाकण्याची रीत होती. दरवर्षी एक थर. पन्नास वर्षांत त्या छपराचे वजन किती झाले, हे कोणी मोजले नाही. उन्हापासून, चोरांपासून आणि पावसापासून रक्षण करणारे ते घर होते. तिन्हींपासून त्याने रक्षण केले. चौथे संकट जमिनीखालून आले आणि तेच घर माणसांच्या अंगावर आले. इशारा तेथेही मिळाला होता. १९९२ मध्ये किल्लारीस धक्क्यांची मालिका झाली होती. लोक काही दिवस बाहेर झोपले. धक्के थांबले, आणि ते घरात परतले. १९०३ नंतर मुसीकाठी जे घडले, तेच पुन्हा घडले.

किल्लारीवरून एक धडा असा मिळतो, की एका संकटाची तयारी दुसऱ्या संकटाचे कारण ठरू शकते. तलावांची माळ दुष्काळाची तयारी होती, १९०८ मध्ये तिने पूर वाढविला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही गेले आणि पुणे बुडाले. ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपली दारे बसविली होती, तेच हे धरण. म्हणून तयारी एकदाच करून चालत नाही. ती अधूनमधून पुन्हा तपासून पाहावी लागते.

माझे घर

आता मला स्वतःविषयी एक कबुली द्यावयाची आहे. इतिहासकाराने आपले कागद तपासावेत, तसेच वक्त्याने आपले आचरण तपासावे.

१९९१ साली मी एक भूखंड घेतला. शिक्षकाच्या पगारात परवडेल असा भाव होता, दलाल गोड बोलणारा होता, आणि ओळखीच्या चार कुटुंबांनी तेथे आधीच घरे बांधली होती. वसाहतीच्या नावात 'कुंटा' हा शब्द होता. तेलुगूत कुंटा म्हणजे लहान तळे. मी या शहरात जन्मलो, तेलुगू बोलतो, वीसएक वर्षे मुलांना मुसीचा पूर शिकवीत होतो. तरीही 'इथे तळे कुठे गेले?' हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर माझ्या पायाखालीच होते.

२४ ऑगस्ट २००० रोजी हैदराबादेत २४ तासांत सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस पडला. रात्री पाणी उंबऱ्यावर आले, तासाभरात कमरेपर्यंत चढले. घर एकमजली होते आणि त्याला माळा नव्हता. पंचाहत्तर वर्षांच्या माझ्या आईला आम्ही जेवणाच्या टेबलावर बसविले, टेबल हलू लागले तेव्हा शेजाऱ्यांनी गच्चीवरून शिडी लावली. तिला खांद्यावर घेऊन मी चढलो. वर पोहोचल्यावर ती एवढेच म्हणाली, "सासूबाईंचा माळा मी उगीच भरला रे." पहाटे पाणी उतरले. पुस्तके गेली. १९०८ च्या पुराविषयी जमवलेल्या माझ्या टिपणवह्याही गेल्या. मी त्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या.

पुढे एका परिचिताकडे जुना महसुली नकाशा पाहावयास मिळाला. आमची वसाहत जेथे आहे तेथे उर्दूत 'शिकम' असा शेरा होता. शिकम म्हणजे तलावाच्या पोटातील जमीन. कागद खोटे नव्हते. ते कोणी वाचले नव्हते, एवढेच. मी मात्र ते वाचू शकत होतो.

आजची स्थिती

त्यानंतरचा इतिहास आपण सर्वांनी पाहिला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा अतिवृष्टी झाली, तलावांचे बांध फुटले, वसाहती पाण्याखाली गेल्या. त्या पावसाचा मोठा जोर शहरावर आणि त्याच्या पूर्वेच्या भागावर, म्हणजे दोन्ही धरणांच्या खालच्या अंगाला होता. तेथे विश्वेश्वरय्यांची धरणे काय करणार? तेथे पाणी अडवायचे काम लहान तलावांचे होते, आणि ते तलाव आपण वसाहतींनी भरून टाकले होते. माझ्या घराने त्यांतील एक भरला होता.

दोन्ही धरणांच्या पाणलोटात मोठी बांधकामे होऊ नयेत म्हणून १९९६ मध्ये एका सरकारी आदेशाने १० किलोमीटरच्या परिघातील ८४ गावांत निर्बंध घातले गेले. २०२२ मध्ये ते निर्बंध उठविणारा आदेश निघाला. शहराला आता कृष्णा-गोदावरीचे पाणी मिळते, या तलावांवर ते अवलंबून राहिलेले नाही, असे कारण देण्यात आले. त्या ८४ गावांतील शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा मोबदला मिळाला नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे, आणि तिचा विचार झालाच पाहिजे. परंतु पिण्याच्या पाण्याचा हिशेब मांडताना १९०८ चा हिशेब विसरला गेला. ती धरणे तहानेसाठी नव्हे, पुरासाठी सुचविली गेली होती.

आणि २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, महापुराच्या स्मृतिदिनाला दोन दिवस असताना, धरणांतून सोडलेल्या पाण्याने मुसी फुगली आणि नदीपात्रात उभे असलेले महात्मा गांधी बसस्थानक पाण्यात गेले. तो विसर्ग १९०८ च्या महापुराच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. नदीची रिकामी जागा आपण बसस्थानकास दिली होती, एका रात्रीपुरती तिने ती परत घेतली.

शाळेकडे मागणे

श्रोतेहो, अशा विषयावर बोलून श्रोत्यांस भयभीत करून सोडणे मला प्रशस्त वाटत नाही. भयाने माणूस तयारी करतो, पण ती आठ दिवस टिकते. टिकणारी तयारी सवयीने होते, आणि सवयी लावणे हे शाळेचे काम आहे. म्हणून आपल्या संस्थेपुढे मी तीन लहान विनंत्या ठेवतो.

पहिली अशी, की आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा इतिहास शोधून लिहावा. ही जमीन पूर्वी काय होती, पाणी कोणत्या बाजूने येते, कोणत्या बाजूने जाते, जवळचा उंच भाग कोणता. हे लिहिताना त्याला आजी-आजोबांना विचारावे लागेल, जुने नकाशे पाहावे लागतील. इतिहासाचा याहून चांगला पाठ मला सुचत नाही.

दुसरी विनंती अशी, की दरवर्षी २८ सप्टेंबरला एक वर्ग त्या चिंचेच्या झाडापाशी न्यावा. भाषणे नकोत. मुलांनी झाडाकडे पाहावे, त्याच्या फांद्यांची उंची डोळ्यांनी मोजावी आणि परत यावे.

तिसरी विनंती थोडी अडचणीची आहे. शाळेची जुनी हजेरीपुस्तके, निकालपत्रे, संस्थेचे दस्तऐवज तळमजल्यावरील कोठडीत आहेत. ते वर हलवावेत, आणि वरच्या मजल्यावरील एक खोली पावसाळ्याच्या दिवसांत मोकळी ठेवावी. शाळेला वर्गखोल्या कमी पडतात, हे मला ठाऊक आहे. मोकळ्या खोलीला दर वर्षी कोणी ना कोणी मागणी घालील, आणि ती मागणी रास्त असेल. तरीही व्यवस्थापनाने नाही म्हणावे. ज्या वस्तीत ही शाळा आहे तेथील दीड-दोनशे माणसांना एका रात्री ती लागू शकेल.

गुरुजींनी बांधावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मला इतकी वर्षे लागली, आणि मध्ये एका तळ्यात घर बांधावे लागले. आज माझ्या घरावर एक मजला चढला आहे. वर एक लहान खोली आहे. मृग लागला की माझी सून ती मोकळी करते. एक दोरखंड, पोह्यांचा डबा आणि मेणकापडातील कागद एवढेच तेथे असते. माझी नात त्या खोलीत अभ्यासाचे टेबल मागते आहे, आणि दर वर्षी जून महिन्यात आमचा त्यावरून वाद होतो. यंदा तिला मी आजीच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. ती आता नऊ वर्षांची झाली आहे.